‘यक्षांची देणगी’ गोष्टींच्या कपाटात ठेवा

प्रति,
गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांचे ग्रंथपाल आणि ग्रंथनिवड समित्यांचे सभासद यांस,

स. न. वि. वि.

खरं म्हणजे हे पत्र आमच्या एकट्या वाचनालयालाच लिहायचं होतं. लिहूनही झालं होतं. पण सहज म्हणून दुसऱ्या दोन गावांतल्या मैत्रिणींना फोन केला, त्यांनी आपापल्या वाचनालयात जाऊन पाहिलं, आणि तिथेही जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा कथासंग्रह आमच्यासारखाच शास्त्राच्या कपाटात निघाला. मग एकट्या आमच्या ग्रंथपालांवर राग काढण्यात अर्थ उरला नाही. म्हणून पत्र उघडं करून सगळ्यांच्याच नावे टाकते आहे.

मी सीबीएसईच्या शाळेत अकरावीला इंग्रजी शिकवते. एनसीईआरटीच्या ‘हॉर्नबिल’ या पाठ्यपुस्तकात खगोलशास्त्रज्ञ नारळीकरांचा ‘द ॲडव्हेंचर’ नावाचा धडा आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला निघतात आणि भलत्याच मुंबईत उतरतात. त्या मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार अजून चालू आहे, कारण त्या जगात पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकलेली आहे. ही गोष्ट मुळात मराठी. नाव ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. ‘यक्षांची देणगी’ या १९७९ साली मौज प्रकाशनाने काढलेल्या संग्रहात ती आहे. देशभरातली मुलं ती इंग्रजीतून वाचतात. मराठी घरातली मुलंही इंग्रजीतूनच वाचतात, आणि ‘तीळ’ या शब्दापुढे त्यांच्यासाठी कंसात ‘सेसमी’ असं छापलेलं असतं.

या तिळावरूनच सगळं सुरू झालं. धड्यात एका बखरीतलं वाक्य येतं: गोळी विश्वासरावांच्या कानाला चाटून गेली, तिळाएवढा फरक पडता तर प्राण गेले असते. आपल्या जगात तो तिळाएवढा फरक पडला. विश्वासराव पडले, ते पाहून भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले, हत्तीवरची अंबारी रिकामी दिसताच फौज बिथरली. पुढचं आपल्याकडे शाळेत न जाणाऱ्यालाही ठाऊक असतं. वर्गातल्या एका मुलाने विचारलं, “मिस, बखर मराठीत असणार ना? मग हे वाक्य खरं कसं आहे?” प्रश्न इतका रास्त होता की उत्तर तोंडी देण्यात मजा नव्हती. म्हटलं, उद्या पुस्तकच आणते.

(जाता जाता: पानिपत आणि तीळ म्हटलं की कुणीतरी हमखास सांगतं, ‘संक्रांतीच्याच दिवशी संक्रांत कोसळली.’ लढाई १४ जानेवारी १७६१ ची, हे खरं. पण तेव्हा संक्रांत १४ जानेवारीला येत नव्हती. ती साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. म्हणजे १७६१ साली ती १४ तारखेच्या तीनचार दिवस आधीच होऊन गेलेली असणार. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलांना धड्यापेक्षा यातच जास्त रस वाटला.)

तर संध्याकाळी वाचनालयात गेले. कथासंग्रहांच्या कपाटात ‘न’ पाशी पाहिलं, नाही. ‘य’ पाशी पाहिलं, नाही. देवघेवच्या काउंटरवर विचारलं तर संगणकात नोंद निघाली, पुस्तक ‘आत’ होतं. “मॅडम, ते शास्त्रात असेल.” शास्त्राचं कपाट मागच्या खोलीत, स्पर्धा परीक्षांच्या गठ्ठ्यांच्या पलीकडे. वरून दुसऱ्या फळीवर, घरगुती वायरिंगचं एक पुस्तक आणि शेळीपालनाचं एक पुस्तक यांच्या मधोमध आमचे गंगाधरपंत दाटीवाटीने उभे होते.

आता त्या प्रतीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझी तक्रार तिथेच लिहून ठेवलेली आहे. पाठीमागे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली. पहिल्या दोन रकान्यांत शिक्क्यावर शिक्के, जांभळी शाई एकमेकांत मिसळलेली. काही ठिकाणी आठ दिवसांत पुस्तक परत आलेलं आणि त्याच दिवशी दुसऱ्याने नेलेलं. चिठ्ठी भरली म्हणून तिच्यावर दुसरी डकवलेली. तीही निम्मी भरलेली. आणि मग एकदम कोरं. शेवटचा शिक्का आणि माझा शिक्का यांच्यामध्ये इतकी वर्षं आहेत की त्या काळात जन्मलेलं मूल आज माझ्या वर्गात बसू शकेल. पुस्तकाच्या पाठीवर संगणकाने छापलेलं लेबल आहे, त्याचा कोपरा सुटला होता. नखाने जरा उचलला. खाली जुना हाताने रंगवलेला नंबर होता आणि त्याच्यावर ‘क.सं.’ अशी अक्षरं.

म्हणजे हे पुस्तक आधी कथासंग्रहांतच होतं. वाचनालयाची नोंदणी संगणकावर चढवताना कुणीतरी ते उचलून शास्त्रात टाकलं, आणि त्या दिवसापासून ते कुणी नेलं नाही.

गोष्ट वाचलेल्यांना यातली गंमत कळेल. गंगाधरपंतही हेच करतात. आपण भलत्या जगात आलो आहोत हे कळल्यावर ते घाबरून पोलिसांत जात नाहीत, टाऊन हॉलमधल्या ग्रंथालयात जाऊन बसतात. स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड काढतात आणि पहिल्यापासून चाळत जातात. अशोकाच्या काळात काही बदललेलं नाही, औरंगजेब मरेपर्यंत सगळं जागेवर आहे, सांधा बदलला आहे तो शेवटच्या खंडात. मग त्या एका पानावर ते पोहोचतात. मी शास्त्राच्या कपाटापुढे उभी राहून त्या चिठ्ठीवर तेच करत होते. या पुस्तकाचा सांधा कुठे बदलला ते मला सापडलं होतं.

ग्रंथपालांनी ही गोष्ट मुद्दाम वाचावी असं मला वाटतं, कारण तिच्यात एक फार छान ग्रंथपाल आहे. वाचक उठत नाही म्हणून तो येऊन शांतपणे सांगतो की आता बंद करायची वेळ झाली. पंत म्हणतात, ही पुस्तकं उद्यासाठी इथेच राहू द्या, सकाळी किती वाजता उघडता? तो हसून सांगतो, आठ वाजता. (आमच्याकडे साडेनऊ, आणि ते किल्ली कुणाकडे आहे यावर.) आणि हे इतिहासाचे नामांकित प्राध्यापक निघताना टिपणं एका खिशात घालतात आणि दुसऱ्या खिशात चक्क बखर! चोरी नव्हे, विसरभोळेपणा. पण सगळी गोष्ट पुढे त्या चुकीवर उभी आहे. परत आपल्या जगात आल्यावर पंतांवर कुणाचा विश्वास बसत नाही, आणि पुरावा म्हणून हातात उरतं ते त्याच बखरीचं एक फाटकं पान. वाचनालयातून पुस्तक नोंद न करता बाहेर गेल्याने मानवजातीचा फायदा झाला, असं उदाहरण माझ्या माहितीत एवढं एकच.

आता काउंटरवरचा संवाद. मी म्हटलं, हा कथासंग्रह आहे. उत्तर आलं, “लेखक शास्त्रज्ञ आहेत ना, मॅडम. आणि विज्ञानकथा म्हणतात त्याला.” सांगणाऱ्याचा सूर उर्मट अजिबात नव्हता. त्यांना ते मनापासून बरोबर वाटत होतं, आणि मला वाटतं बहुतेक वाचनालयांत असंच घडलं असावं. नाव पाहिलं, विज्ञान म्हटलं, कपाट ठरलं. ‘विज्ञानकथा’ या शब्दातला ‘कथा’ हा अर्धा भाग कुणी वाचलाच नाही.

याचं दुःख एवढ्यासाठी की नारळीकरांनी नेमकं हेच होऊ नये म्हणून खटाटोप केला होता. अहमदाबादच्या एका परिषदेत कंटाळवाणं व्याख्यान चालू होतं, तेव्हा समोरच्या कागदांवर त्यांनी पहिली विज्ञानकथा लिहायला घेतली. ती ‘कृष्णविवर’. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला पाठवायची तर अडचण अशी की नाव फार मोठं झालेलं. पद्मभूषण १९६५ सालीच मिळालेलं, ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याबरोबरचं काम जगभर गाजलेलं. परीक्षकांनी नाव पाहिलं की गोष्ट बाजूला राहणार. म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं: नारायण विनायक जगताप. आपलं अक्षर ओळखू येईल म्हणून गोष्ट पत्नी मंगलाताईंकडून त्यांच्या अक्षरात लिहून घेतली. (मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ. मराठी साहित्यातल्या सर्वांत विद्वान लेखनिक त्याच असाव्यात.) गोष्टीला पहिलं बक्षीस मिळालं. म्हणजे शास्त्रज्ञाचं नाव पूर्ण झाकून, निव्वळ गोष्ट म्हणून जी जिंकली, ती आज आपण लेखकाच्या नावावरून शास्त्रात टाकतो. एवढा आटापिटा करून त्यांनी परीक्षकांपासून जे लपवलं, ते आपण लेबलावर छापून ठेवलं.

त्या टोपणनावाकडे नीट पाहा. ज. वि. ना. उलटं केलं की ना. वि. ज. होतं. आरशात धरल्यासारखं. याच संग्रहात ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही गोष्ट आहे, आणि तिचा सगळा खेळ डाव्याचं उजवं होण्यावर आहे. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं जोडली तर जी चकली तयार होते, तिच्यावरून आकृती फिरवून आणली की ती उलटी होऊन परत येते. हीच गोष्ट अवकाशाच्या बाबतीत घडली तर माणूस डावखुरा होऊन परत येईल, आणि डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा. कल्पना गणिताची, पण ती उतरली कुठे? देवघरात आणि क्रिकेटच्या मैदानावर. डावी सोंड, उजवी सोंड, उजव्या सोंडेचं सोवळं कडक, हे ज्याला आजीकडून माहीत आहे त्यालाच ती गोष्ट पूर्ण भेटते. इंग्रजीत तिचं भाषांतर झालं आहे, पण तिथे गणपतीची सोंड ही माहिती होते, आणि मराठीत शीर्षक वाचताक्षणी पाठीवरून काटा जातो. मला सांगा, असं पुस्तक वायरिंगशेजारी कसं शोभेल?

‘धूमकेतू’ घ्या. एक हौशी निरीक्षक रात्र रात्र दुर्बिणीला डोळा लावून धूमकेतू शोधतो, आणि तो पृथ्वीवर आदळणार असं निघतं. जगभरचे शास्त्रज्ञ गुपचूप त्याचा मार्ग वळवायच्या उद्योगाला लागतात. घरात त्याची बायको शांती करवते. संकट टळतं, आणि ते आपल्या शांतीमुळे टळलं यावर तिचा ठाम विश्वास बसतो. लेखक नवऱ्याच्या बाजूचा आहे हे उघड आहे, तरी त्याने बायकोला मूर्ख केलेलं नाही. शेवटी नवऱ्याला जो प्रश्न पडतो तो आकाशातला नसून स्वैपाकघरातला आहे. किंवा ‘पुत्रवती भव’. हवा तर मुलगाच होईल अशी सोय विज्ञानाने करून दिली तर समाज काय करेल, हा प्रश्न १९७९ च्या पुस्तकात आहे. गर्भलिंगनिदानावरचा महाराष्ट्राचा कायदा १९८८ चा, देशाचा १९९४ चा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. ही गोष्ट मला ‘शास्त्र’ म्हणून कुणी दिली असती तर मी ती कधीच उघडली नसती. ती आमच्या गल्लीची गोष्ट आहे.

पुस्तकात दोष नाहीत असं नाही. मी त्यांची वकील नाही. प्रत्येक गोष्टीत एक वेळ अशी येते की कुणीतरी शास्त्रज्ञ घसा खाकरतो आणि समजावायला लागतो. गंगाधरपंतांच्या गोष्टीतही शेवटी राजेंद्र देशपांडे येतात आणि आपत्ती सिद्धान्त, इलेक्ट्रॉनची अनिश्चितता असं पान दीड पान सांगतात. माझी मुलं नेमकी तिथे जांभया देतात, आणि परीक्षेत नेमका तिथलाच प्रश्न येतो. बायका बहुधा कुणाच्या तरी बायका आहेत. गद्य साधं, कधी कधी सपाट. पण हे दोष गोष्टीचे आहेत. कथेच्या कपाटात शेजारच्या पुस्तकांशी तुलना होऊन त्यांची चर्चा होऊ शकते. शास्त्राच्या कपाटात ती कोण करणार, शेळीपालनाचे लेखक?

आणि जे खरोखर शास्त्र वाचायला येतात त्यांचंही नुकसानच होतं. मैत्रिणीच्या गावी एका परीक्षार्थी मुलाने ‘सामान्य विज्ञान’ समजून हे पुस्तक नेलं आणि दुसऱ्या दिवशी परत आणून दिलं, ‘यात नुसत्या गोष्टी आहेत’ म्हणून. बिचारा बरोबर होता.

ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचे पाच नियम तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ वाचवा. १९३१ सालापासून ते छापलेले आहेत, बऱ्याच वाचनालयांत भिंतीवर फ्रेममध्येही आहेत. आमच्याकडे ती फ्रेम शास्त्राच्या कपाटाच्या बरोबर वर लटकते. आणि पुस्तकांना विषयवार आकडे देण्याच्या दशांश पद्धतीने जायचं म्हटलं तरी वाद नाही: खगोलशास्त्र ५२० वर, मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३ वर. नारळीकरांची खगोलावरची पुस्तकं ५२० मध्येच ठेवा, तिथे त्यांची जागा हक्काची आहे. एकाच माणसाची पुस्तकं दोन कपाटांत गेली म्हणून काही बिघडत नाही. हा तर दोन जगांत एकाच वेळी असू शकणारा लेखक.

मला कळतं की ही चूक तुमच्याइतकीच आमच्या साहित्यव्यवहाराचीही आहे. साहित्य अकादमीने नारळीकरांना २०१४ चा पुरस्कार दिला तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला. २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, पण तोवर तब्येत साथ देत नव्हती आणि ते तिथे जाऊ शकले नाहीत. मला तेव्हा राहून राहून आझाद मैदानातला तो प्रसंग आठवत होता. त्या दुसऱ्या जगात व्याख्यानाला अध्यक्षच नसतो. पंतांना व्यासपीठावरची रिकामी खुर्ची पाहवत नाही, ते जाऊन तिच्यात बसतात आणि अध्यक्षीय बोलायला लागतात, आणि श्रोते टोमॅटो-अंडी फेकून त्यांना उठवतात. मराठी सभांची इतकी प्रेमळ टिंगल मी दुसरीकडे वाचलेली नाही. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिलं, तेव्हा तरी कुणी वाचक वाचनालयात येऊन ही गोष्ट मागेल असं मला वाटलं होतं. आमच्या प्रतीवर त्या महिन्याचा शिक्का नाही.

तेव्हा मागणं एवढंच. शास्त्राच्या कपाटातल्या दोन फळ्या एकदा हाताने चाळा, संगणकावर नको. नारळीकरांच्या गोष्टी निघतील, त्यांच्याबरोबर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्याही निघतील. सगळ्यांना घरी आणा. निराळं ‘विज्ञानकथा’ असं कपाट करू नका, ही हात जोडून विनंती. ते पुन्हा मागच्या खोलीतच जाईल. आणि बालविभागातही नको. आमच्या एका समिती सदस्यांनी तोही तोडगा सुचवला, ‘मुलांना अशा गोष्टी आवडतात’ म्हणून. मुलांना आवडतात हे खरं, पण ‘पुत्रवती भव’ त्यांच्या आईबापांसाठी आहे.

त्या मुलाचं राहिलंच. बखरीचा उतारा मी ऑफ तासाला वर्गात मोठ्याने वाचला. बखरीच्या मराठीचा ठेका ऐकून मागच्या बाकावरचे दोघे हसले, मग गप्प झाले. तो मुलगा म्हणाला, “मिस, आपल्या पुस्तकातली गोष्ट कापलेली आहे.” त्याने दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं होतं. मराठी तो हळू वाचतो, बोट ठेवून, पण त्याला पूर्ण पुस्तक हवं आहे. त्याने वाचनालयाचा फॉर्म भरला आहे, अनामत आईने दिली आहे.

मी पुस्तक दोनदा नूतनीकरण करून घेतलं, तिसऱ्यांदा मिळत नाही. शनिवारी परत करणार आहे. सोमवारी तो येईल, आणि मी त्याला मुद्दामच कपाट सांगितलेलं नाही. गोष्टीचं पुस्तक आहे, एवढंच सांगितलं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक सभासद